सागरी अपृष्ठवंशी प्राण्यांचा जीनोम: किनाऱ्यावरील नमुन्यापासून गुणसूत्रांच्या इतिहासापर्यंत

कोकणच्या खडकांना चिकटलेले कालव, त्याच्या शेजारी वाढणारे हिरवे शिनाणे आणि जपानच्या समुद्रातील स्कॅलॉप हे तिन्ही शिंपलावर्गातील प्राणी आहेत. परंतु त्यांच्या गुणसूत्रांच्या जोड्या अनुक्रमे १०, १५ आणि १९ आहेत. शिनाण्याचाच नातेवाईक असलेल्या मिटिलस या युरोपीय शिंपल्यामध्ये त्या १४ आहेत. कोणती गुणसूत्रे एकमेकांना जुळली, कोणती तुटली आणि जुळल्यानंतर त्यांच्यावरील जनुके एकमेकांत मिसळली की आपापल्या बाजूला राहिली, हा इतिहास या आकड्यांमागे दडलेला आहे. ओलेग सिमाकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की स्पंज, निडारिया (जेलीफिश आणि प्रवाळांचा गट) आणि द्विपार्श्व प्राणी (ज्यांच्या शरीराच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या असतात ते) या सर्वांच्या जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण डीएनए-संचात, २९ प्राचीन जनुकगट ओळखता येतात. पन्नास कोटींहून अधिक वर्षे उलटूनही त्या गटांतील जनुके बऱ्याच प्राण्यांत एकाच गुणसूत्रावर सोबत राहिली आहेत.

हा इतिहास वाचू इच्छिणाऱ्या पुण्यातील विद्यार्थ्यांसाठी आणि संशोधकांसाठी येथे कामाचा क्रम मांडला आहे. त्या संपूर्ण क्रमात एक धोका सतत लक्षात ठेवावा लागतो. डीएनए तुकड्यातुकड्यांनी वाचून संगणकाने जोडावा लागतो. संगणकाने दोन तुकडे चुकून जोडले, तर दोन जातींच्या गुणसूत्रांच्या तुलनेच्या आलेखावर ती चूक गुणसूत्रांच्या खऱ्या जुळणीसारखीच दिसते. आलेख पाहून या दोहोंतील फरक अनेकदा कोणालाही सांगता येत नाही. तो सांगता यावा यासाठी लागणारा पुरावा किनाऱ्यावर नमुना हातात घेण्यापासूनच गोळा करावा लागतो.

प्रश्न आणि प्राणी

प्राणी निवडण्यापूर्वी त्याचा जीनोम आधीच प्रसिद्ध झाला आहे का, हे सार्वजनिक संग्रहांत पाहावे. शिनाण्याचा, म्हणजे पर्ना व्हिरिडिसचा, गुणसूत्र-पातळीवरील जीनोम कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. तो सुमारे ७२३ मेगाबेसचा (एक मेगाबेस म्हणजे डीएनएची दहा लाख अक्षरे) असून १५ गुणसूत्रांवर बसवलेला आहे. त्यामुळे तेच काम पुन्हा करण्याऐवजी त्याचा संदर्भ म्हणून वापर करणे शहाणपणाचे ठरते.

माझा आग्रह असा की नवख्याने काम उलट्या दिशेने शिकावे. शिनाणे, मिटिलस आणि स्कॅलॉप यांचे प्रसिद्ध जीनोम उतरवून घेऊन आधी शेवटचा, म्हणजे तुलनेचा टप्पा करून पाहावा. आलेखावर चांगला जीनोम कसा दिसतो हे एकदा डोळ्यांत बसले, की स्वतःच्या नमुन्याकडून काय अपेक्षा ठेवावी हे नेमके कळते आणि महागड्या सिक्वेन्सिंगची (डीएनएची अक्षरे वाचण्याची) मागणी करताना हात उगीच आखडत किंवा सैल सुटत नाही.

पुढील विवेचनासाठी खडकांवरील कालव हे उदाहरण घेऊ. सॅकोस्ट्रिया या प्रजातीसमूहात बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या अनेक जाती लपलेल्या आहेत आणि कवचाचा आकार तर खडकाप्रमाणे बदलतो. म्हणून केवळ कवच पाहून जातीचे नाव लिहू नये. मायटोकॉन्ड्रियातील सीओआय जनुकाचा बारकोड (जात ओळखून देणारा छोटा डीएनए-क्रम) काढावा, कवच जपून ठेवावे आणि नमुन्याची नोंद एखाद्या मान्य संग्रहात करावी. आकुर्डी येथे भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, ही पुणेकरांची मोठीच सोय आहे. नाव चुकले तर पुढची सगळी तुलना चुकीच्या प्राण्याच्या नावावर जमा होते.

परवानग्यांचा विचारही याच वेळी करावा. सर्व समुद्रकाकड्या, प्रवाळ आणि काही मोठे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. मालवणच्या सागरी अभयारण्यातून कोणताही प्राणी वनविभागाच्या परवानगीशिवाय उचलता येत नाही. ऊतक किंवा डीएनए परदेशातील प्रयोगशाळेकडे पाठवायचे असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया नमुना गोळा करण्याआधी समजून घ्यावी.

किनाऱ्यावर

पुण्याला समुद्र नाही. परंतु ताम्हिणी घाट उतरले की श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि दिवेआगरचा किनारा काही तासांत गाठता येतो. अमावस्या आणि पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी सर्वांत खोल जाते आणि या किनाऱ्यावर ती साधारण सकाळी व संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते. सकाळची ओहोटी साधावी, म्हणजे दुपारपर्यंत नमुने पुण्यात पोहोचतात. कालवे आणि शिनाणे पाण्याबाहेर ओलाव्यात बराच वेळ तग धरतात. ओल्या गोणपाटात गुंडाळून ती थंड पेटीत ठेवावीत, मात्र बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये, कारण उष्ण समुद्रातील प्राण्यांना तो मानवत नाही.

प्रयोगशाळेत आल्यावर त्यांना एक-दोन दिवस गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात उपाशी ठेवावे. गाळून खाणाऱ्या प्राण्याच्या पोटात शैवाल आणि जिवाणू भरलेले असतात आणि त्यांचा डीएनए थेट तुमच्या जीनोममध्ये शिरतो. त्यानंतर एकच प्राणी उघडून शिंपले मिटणारा स्नायू, कल्ले, प्रावरण आणि जननग्रंथी वेगवेगळ्या नळ्यांत द्रव नायट्रोजनमध्ये गोठवाव्यात आणि उणे ८० अंशांवर साठवाव्यात. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या ऊतकातून बारकोड निघतो; लांब डीएनए आणि अखंड क्रोमॅटिन (प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए) यांची अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नये.

लांब वाचने (डीएनएचे लांब तुकडे सलग वाचणे) आणि हाय-सी (पेशीत डीएनएचे कोणते भाग एकमेकांजवळ आहेत ते टिपणारी पद्धत; तपशील पुढे आहे) या दोन्हींसाठी शक्यतो एकाच प्राण्याचे ऊतक वापरावे, ही सूचना लहान वाटली तरी तिचे मोल फार आहे. दोन प्राण्यांमध्ये गुणसूत्रांची रचनाच वेगळी असू शकते. अटलांटिकच्या युरोपीय किनाऱ्यावरील न्युसेला लॅपिलस या गोगलगायीत एकाच जातीत गुणसूत्रांची संख्या २६ पासून ३६ पर्यंत बदलते. एका प्राण्याचे तुकडे दुसऱ्याच्या संपर्कांवरून जोडले, तर अशा जातीत उरते ते कोणत्याही खऱ्या प्राण्याचे नसलेले गुणसूत्र.

डीएनए काढणे

मृदुकाय प्राण्यांच्या ऊतकात चिकट शर्करा-संयुगे भरपूर असतात. ती डीएनएसोबत खाली बसतात आणि सिक्वेन्सिंगच्या रसायनांना अडवतात. सीटॅब (शर्करा वेगळी काढणारे रसायन) द्रावण, क्लोरोफॉर्मची धुलाई आणि अत्यंत हळुवार हाताळणी ही जुनी पद्धत आजही विश्वासाची आहे. नळी जोरात हलवू नये, रुंद तोंडाची टोके वापरावीत आणि द्रावण पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नये. पक्व नर मिळाल्यास त्याचे शुक्राणू हा लांब वाचनांसाठी उत्तम स्रोत असतो, कारण त्यांत चिकटपणा कमी आणि डीएनए भरपूर असतो. हाय-सीसाठी मात्र शुक्राणू घेऊ नयेत, कारण त्यांतील डीएनए अतिशय घट्ट बांधलेला असतो. त्यासाठी कल्ले किंवा स्नायू घ्यावेत.

शुद्धता तपासताना प्रकाश-शोषणाचे २६०/२८० हे गुणोत्तर १.८ ते २.० च्या दरम्यान आणि २६०/२३० हे २ च्या आसपास असावे. दुसरे गुणोत्तर घसरले असेल, तर शर्करा अजून शिल्लक आहे असे समजावे आणि पुन्हा शुद्धीकरण करावे. प्रमाण फ्लुओरोमीटरवर मोजावे आणि लांबी पल्स्ड-फील्ड जेलवर पाहावी. हा टप्पा घाईने उरकून नमुना पुढे पाठवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

किती आणि कोणते सिक्वेन्सिंग

आज या कामासाठी दोन गोष्टी अटळ आहेत: पॅकबायोची हायफाय वाचने आणि हाय-सी. हायफाय वाचने साधारण १५ ते २० हजार अक्षरांची असतात आणि त्यांची अचूकता ९९.९ टक्क्यांच्या घरात असते. हाय-सीमध्ये पेशीतील डीएनए फॉर्माल्डिहाइडने जागच्या जागी बांधतात, कापतात आणि जवळ असलेली टोके जोडून वाचतात. एकाच गुणसूत्रावरील तुकडे पेशीत एकमेकांच्या अधिक जवळ असतात, या साध्या तत्त्वावर ही पद्धत उभी आहे. कालवाचा जीनोम साधारण ६०० मेगाबेसचा धरला, तर ४० पट हायफायसाठी (म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ४० वेळा वाचले जावे यासाठी) २४ गिगाबेस, म्हणजे २४,००० मेगाबेस, लागतात आणि हाय-सीही तितकेच मागवावे. याशिवाय तीन-चार ऊतकांतील आरएनएचे वाचन जनुके ओळखण्यासाठी घ्यावे.

४० पटींचा आग्रह विनाकारण नाही. समुद्रात अंडी आणि शुक्राणू मोकळे सोडणाऱ्या प्राण्यांची लोकसंख्या प्रचंड असते, त्यामुळे आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या प्रतींमध्ये खूप फरक असतो. माणसात हा फरक हजार अक्षरांत सुमारे एक असतो. जांभळ्या सी अर्चिनमध्ये तो चार-पाच टक्क्यांपर्यंत जातो. त्याचा जीनोम २००६ मध्ये प्रसिद्ध करताना हीच मोठी अडचण होती. प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे जुळायची असेल, तर तिच्या वाट्याला निदान २० पट वाचने यायला हवीत.

जुळणी

वाचने हाती आल्यावर प्रथम २१ अक्षरी तुकड्यांची मोजदाद करून जीनोमस्कोपचा आलेख काढावा. विषमता (दोन प्रतींतील फरक) जास्त असलेल्या प्राण्यात त्यावर दोन शिखरे दिसतात आणि अर्ध्या खोलीवरचे, म्हणजे निम्म्याच वेळा वाचल्या गेलेल्या तुकड्यांचे, पहिले शिखर अनेकदा अधिक उंच असते. त्यालाच मुख्य शिखर मानले, तर जीनोमचा आकार दुप्पट निघतो. हा अंदाज फ्लो सायटोमेट्रीने (पेशीतील डीएनएचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीने) किंवा जवळच्या जातीच्या प्रसिद्ध आकड्याशी ताडून पाहावा.

जुळणीसाठी, म्हणजे वाचनांचे तुकडे जोडून जीनोम उभा करण्यासाठी, हायफायअ‍ॅझम हे साधन हायफाय आणि हाय-सी दोन्ही देऊन चालवावे, म्हणजे दोन प्रती वेगळ्या मिळतात. त्या दोन्ही जपाव्यात. पुढे याच दोन प्रती एकमेकींच्या साक्षीदार होतात. अशा आकाराच्या जीनोमसाठी १२८ ते २५६ गिगाबाइट मेमरीचा संगणक पुरेसा असतो. राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मोहिमेत सी-डॅकने उभारलेला परम ब्रह्म हा महासंगणक पाषाण येथील आयसर पुणे संस्थेत आहे. स्वतःचे यंत्र विकत घेण्यापूर्वी अशा सामायिक सुविधेसाठी अर्ज करता येतो का, हे पाहावे.

यानंतर तुकडे स्वच्छ करावेत. जिवाणू, शैवाल आणि परजीवींचे तुकडे ब्लॉबटूलकिट आणि एफसीएस यांच्या साहाय्याने वेगळे काढावेत. एकाच भागाच्या दोन प्रती चुकून एकापुढे एक बसल्या असतील, तर पर्ज-डप्स त्यांना काढते. बुस्को या साधनाच्या ९५४ प्राणी-जनुकांच्या (बहुतेक प्राण्यांत एकेकच असणाऱ्या जनुकांच्या) यादीत दुहेरी आढळणाऱ्या जनुकांचे प्रमाण दोन-तीन टक्क्यांहून बरेच अधिक असेल, तर ही स्वच्छता अपुरी झाली आहे असे समजावे. मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम वेगळा जुळवावा. काही शिंपल्यांत नरांकडून नरांकडे जाणारा वेगळा मायटोकॉन्ड्रिया असतो, म्हणून नराच्या जननग्रंथीत दोन भिन्न क्रम दिसले तर घाईने त्याला भेसळ म्हणू नये.

संपर्क-नकाशा वाचणे

माझ्या मते संपूर्ण कामात सर्वाधिक वेळ येथे द्यावा. हाय-सी वाचने तुकड्यांवर बसवून याहस या साधनाने त्यांची गुणसूत्रांइतक्या लांबीची साखळी तयार होते. परंतु ती साखळी हा केवळ प्रस्ताव आहे. तो मान्य करावा की नाही, हे माणसाने प्रीटेक्स्टव्ह्यू किंवा ज्यूसबॉक्समध्ये नकाशा उघडून ठरवायचे असते.

जीनोमचा कोणता भाग कोणत्या भागाशी किती वेळा संपर्कात आढळला, हे दाखवणाऱ्या या नकाशावर कर्णाच्या बाजूने गडद चौकोन दिसतात आणि प्रत्येक चौकोन म्हणजे एक गुणसूत्र. चौकोनाच्या आत कर्णापासून दूर जाताना रंग सावकाश फिका होत जायला हवा. मध्येच रंग एकदम तुटला आणि पलीकडच्या भागाशी संपर्क जवळजवळ उरला नाही, तर तेथे दोन वेगळी गुणसूत्रे चुकून जोडली गेलेली असण्याची शक्यता मोठी असते. एखादा तुकडा उलटा बसला असेल, तर कर्णावरचा गडद पट्टा त्या जागी तुटतो आणि त्याला काटकोनात छेदणारी रेघ उमटते. कर्णाला समांतर अशी दुसरी रेघ दिसली आणि त्या भागात वाचनांची खोली अर्धी असेल, तर एकाच भागाच्या दोन प्रती शिल्लक आहेत. पुनरावृत्ती असलेल्या भागांमुळे सर्वत्र पसरलेले फिके ठिपके दिसतात. त्यांवरून कोणताही निर्णय घेऊ नये.

ज्या जोडावर पुढे इतिहासाचा दावा उभा राहणार आहे, त्या प्रत्येक जोडाची स्वतंत्र चौकशी करावी. जोडाच्या दोन्ही बाजूंना व्यापणारी हायफाय वाचने आहेत का, ते पाहावे. जोड दोन्ही प्रतींत आहे का, हे तपासावे. एकाच प्रतीत असेल, तर ती चूक असेल किंवा जातीत अजून दोन्ही रूपे नांदत असतील. समुद्री मृदुकाय, कंटकचर्मी (तारामासे, सी अर्चिन) आणि निडारियांत गुणसूत्रांच्या टोकांना सहसा टीटीएजीजीजी या अक्षरांची पुनरावृत्ती असते. ती टोकांना सापडली तर गुणसूत्र पूर्ण असल्याचा आधार मिळतो आणि जोडाच्या मध्यभागी सापडली तर दोन टोके एकमेकांना जुळल्याचा संकेत मिळतो.

आणि शेवटी सूक्ष्मदर्शक. कोल्चिसीन (पेशीविभाजन मध्येच थांबवणारे रसायन) दिलेल्या कल्ल्यांच्या पेशी किंवा अळ्या घेऊन, गिम्झाने रंगवून गुणसूत्रे मोजणे हे स्वस्त काम आहे आणि महाविद्यालयातील साध्या प्रयोगशाळेतही ते करता येते. नकाशावर दहा चौकोन आणि काचपट्टीवर दहा जोड्या दिसल्या, तर त्या मेळाला तोड नाही. सिक्वेन्सिंगच्या काळात ही कला मागे पडली आहे याची मला खंत वाटते, कारण हा एकमेव पुरावा जुळणीच्या संगणकीय गृहीतांपासून पूर्णपणे स्वतंत्र आहे.

जागतिक अर्थ बायोजीनोम प्रकल्पाची किमान अपेक्षा अशी आहे की अखंड तुकड्यांचा एन-५० आकडा (ज्या लांबीच्या किंवा त्याहून लांब तुकड्यांत निम्मा जीनोम सामावतो ती लांबी) एक मेगाबेसच्या वर असावा, साखळ्या गुणसूत्रांइतक्या असाव्यात आणि दहा हजार अक्षरांत एकाहून अधिक चूक नसावी. शेवटची बाब मर्क्युरी या साधनाने मोजता येते. मात्र हे तीनही आकडे उत्तम असूनही एक चुकीचा जोड तसाच राहू शकतो, हे विसरू नये.

जनुके ओळखण्याचे काम तुलनेने सरळ आहे. रिपीटमॉडेलरने पुनरावृत्ती शोधून झाकाव्यात आणि आरएनए वाचने व जवळच्या प्राण्यांची प्रथिने देऊन ब्रेकर हे साधन चालवावे. तुलनेसाठी प्रत्येक जनुकाची रचना निर्दोष असण्याची गरज नाही. हजारो जनुकांची जागा बरोबर असणे पुरेसे आहे.

गुणसूत्रांची तुलना

दोन जातींतील परस्परांची सर्वोत्तम जुळणारी प्रथिने डायमंड या साधनाने शोधावीत आणि प्रत्येक जोडीसाठी आलेखावर एक ठिपका द्यावा: आडव्या अक्षावर एका जातीतील जागा, उभ्या अक्षावर दुसरीतील. हे काम ओडीपी हे साधन सलगपणे करते, ठिपक्यांना २९ प्राचीन गटांचे रंग देते आणि कोणते दोन गुणसूत्रखंड योगायोगापेक्षा अधिक जनुके वाटून घेतात, हे फिशरच्या कसोटीने तपासते. कसोट्या शेकडो असतात, म्हणून त्यांची दुरुस्ती केलेलीच संभाव्यता वाचावी.

दूरच्या नातेवाइकांत ठिपक्यांची सरळ रेघ शोधू नये. गुणसूत्राच्या आतल्या आत उलटापालट होऊन जनुकांचा क्रम विस्कटतो, तरी जनुके त्याच गुणसूत्रावर राहतात. म्हणून आलेखावर एकसारखे भरलेले चौकोन दिसतात आणि तेच जुन्या वारशाचे चिन्ह आहे. संदर्भासाठी स्कॅलॉप आणि अ‍ॅम्फिऑक्सस (माशासारखा दिसणारा, पाठीचा कणा नसलेला छोटा सागरी प्राणी) अत्यंत उपयुक्त आहेत. दोघांच्याही गुणसूत्रांच्या १९ जोड्या आहेत आणि दोघांनीही प्राचीन रचना बऱ्याच अंशी टिकवली आहे. कालवाची १० गुणसूत्रे स्कॅलॉपसमोर मांडली की स्कॅलॉपची एकाहून अधिक गुणसूत्रे कालवाच्या एकेका गुणसूत्रात सामावलेली दिसतात.

मग गुणसूत्रांच्या प्रत्येक जुळणीचा प्रकार ठरवावा. दोन रंग शेजारी शेजारी, मध्ये स्पष्ट सीमा राखून बसले असतील, तर गुणसूत्रे टोकाला टोक लागून जुळली आहेत. एका रंगाचा पट्टा दुसऱ्याच्या मध्यभागी घुसला असेल, तर एक गुणसूत्र दुसऱ्याच्या आत शिरले आहे. दोन्ही रंग गुणसूत्रभर मिसळले असतील, तर तो तिसरा आणि सर्वांत मोलाचा प्रकार आहे. दोन रंगांची रांगोळी एकदा एकत्र झाली की कण वेगळे करता येत नाहीत, तशीच ही मिसळण परत फिरत नाही. म्हणून ज्या जातींत तीच मिसळण आढळते, त्यांचा पूर्वज एक असल्याचा तो भक्कम पुरावा ठरतो. डॅरिन शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये याच तर्कावर टीनोफोर (कंगवा-जेली) हे प्राणीवृक्षाची सर्वांत आधी फुटलेली शाखा असल्याचे मांडले. स्पंज, निडारिया आणि द्विपार्श्व प्राण्यांत आढळणाऱ्या काही मिसळणी टीनोफोरांत आणि प्राण्यांच्या एकपेशीय नातेवाइकांत नाहीत. त्यावरचा वाद अजून चालू आहे, पण तर्काची ताकद त्यातून कळते.

येथे जोडाची चौकशी उपयोगी पडते. मिसळलेले रंग चुकीच्या जोडामुळे सहसा निर्माण होत नाहीत, कारण मिसळण शेकडो ठिकाणी पसरलेली असते. याउलट, टोकाला टोक लागून झालेली जुळणी एका चुकीच्या जोडामुळेही दिसू शकते. म्हणून पहिल्या प्रकारासाठी पुराव्याची मागणी सर्वांत कडक ठेवावी.

दिशा ठरवण्यासाठी नेहमी तिसरा, बाहेरचा प्राणी घ्यावा. शिनाण्याची दोन गुणसूत्रे मिटिलसच्या एकाच गुणसूत्राशी जुळत असतील, तर केवळ १५ आणि १४ हे आकडे पाहून काहीही म्हणू नये. तीच जनुके स्कॅलॉपमध्येही दोन गुणसूत्रांवर असतील, तर मिटिलसमध्ये जुळणी झाली. स्कॅलॉपमध्ये ती एकाच गुणसूत्रावर असतील, तर शिनाण्यात फूट पडली. स्कॅलॉपमध्ये ती तिसऱ्याच पद्धतीने विखुरलेली असतील, तर आणखी एक बाहेरची जात घेतल्याखेरीज निर्णय देऊ नये.

काही शाखांत हा सारा वारसा विस्कटलेला आहे. कंचुकयुक्त प्राणी (समुद्र-पिचकाऱ्यांचा गट), ब्रायोझोआ (वसाहत करून राहणारे शेवाळासारखे दिसणारे प्राणी), ऑक्टोपस-माकूळ यांचा गट आणि गांडूळ-जळवांची शाखा यांत प्राचीन गट मोठ्या प्रमाणात फुटलेले दिसतात. अशा प्राण्याचा आलेख धुक्यासारखा आला, तर लगेच संगणकीय जुळणी बिघडल्याचा निष्कर्ष काढू नये. प्रथम त्याच शाखेतील जवळच्या जातीशी तुलना करावी. तिच्याशी चौकोन स्पष्ट दिसले आणि दूरच्यांशीच धुके आले, तर विस्कळीतपणा प्राण्याचा स्वतःचा आहे.

सादर करणे

कच्ची वाचने, दोन्ही प्रतींची जुळणी आणि जनुकांची यादी आंतरराष्ट्रीय संग्रहात द्यावी. फरिदाबाद येथील भारतीय जैविक विदा केंद्रही हा विदा (डेटा) स्वीकारते. त्यासोबत संपर्क-नकाशाची मूळ फाइल आणि हाताने कोणते जोड तोडले, कोणते नव्याने केले, याची नोंद जरूर जोडावी. शोधनिबंधात गुणसूत्रांच्या ज्या जुळणीवर दावा केला आहे तिच्यासाठी व्यापणाऱ्या वाचनांची संख्या, दोन्ही प्रतींतील स्थिती आणि काचपट्टीवर मोजलेल्या गुणसूत्रांचे छायाचित्र एकाच तक्त्यात द्यावे. कवचाचा नोंद-क्रमांक, किनाऱ्याचे ठिकाण आणि गोळा केल्याची तारीख विदासोबत लिहावी, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्याच खडकावर जाऊन तोच प्राणी पुन्हा तपासता येईल.